टाइल नंबर दोनशे सत्तेचाळीस

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या शाळेच्या लायब्ररीत माझ्याशिवाय कोणी नसतं. मुलं वर्गात पेपर सोडवत असतात, शिक्षक मंडळी सुपरव्हिजनला गेलेली असतात, आणि वर्षभर गावभर हिंडलेली पुस्तकं कपाटात परत आलेली असतात. बाहेर कडुलिंबाची पानगळ चालू असते. सकाळी शिपाई अंगण झाडून जातो आणि दहा वाजेपर्यंत ते पुन्हा पिवळं होतं. वारा शहराबाहेरून, सांवेरच्या बाजूनं येतो. त्यात गव्हाच्या काडाचा कोरडा, किंचित गोड वास असतो. इंदूरमध्ये असा वास येतच नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. विजय नगरच्या फ्लॅटांत नसेल येत, तिथे काचा बंद असतात. आमची शाळा राजवाड्यामागच्या गल्लीत आहे आणि तिच्या खिडक्या बंद होतच नाहीत, कारण कड्या गंजल्या आहेत.

या दिवसांत मी एक काम स्वतःकडे ठेवलं आहे. ओला फडका घेऊन मी भिंत पुसते. लायब्ररीच्या दाराशेजारची ही भिंत जमिनीपासून माझ्या डोक्यापर्यंत तळहाताएवढ्या मातीच्या टाइल्सनी भरलेली आहे. तीनशेच्या वर आहेत त्या. खालच्या ओळी आमच्या माळव्याच्या काळ्या मातीच्या रंगाच्या, मधल्या हिरव्या, आणि वरच्या पिकलेल्या गव्हाच्या पिवळ्या. लांबून नुसता रंग दिसतो. जवळ गेलं की प्रत्येकीवर काहीतरी उमटलेलं दिसतं. कुठे किल्ली, कुठे सेव पाडायच्या झाऱ्याची भोकं, कुठे फडताळाची कडी, पैंजण, आजोबांच्या चष्म्याची काडी. लहान वर्गातली मुलं येता-जाता या भिंतीवरून बोटं फिरवत जातात. पुस्तकाला हात लावण्याआधी हात दाखवा म्हणणारी मी, या भिंतीच्या बाबतीत मात्र काही बोलत नाही.

पुसताना मी डावीकडून उजवीकडे, ओळीनं जाते. अठ्ठावीस वर्षं पुस्तकं लावून लागलेली ती खोड आहे. आणि खालून चौथ्या ओळीत, सहाव्या टाइलपाशी माझा हात दर वर्षी थांबतो. तिच्यावर बांगडीचा अर्धाच गोल आहे, उरलेला कडेबाहेर गेलेला. मी त्या अर्ध्या गोलात बोट ठेवते. नऊ वर्षं मी हे करते आहे, आणि परवापर्यंत ती टाइल कोणाची हे मला पक्कं ठाऊक होतं.

ही भिंत झाली ती ओल आल्यामुळे. त्या वर्षी पावसाळ्यानंतर तिथे नकाशासारखा एक मोठा डाग उमटला, आणि दुरुस्ती होऊनही पुसट उरला. आमच्या तेव्हाच्या प्रिन्सिपलबाईंना तिथे सोनेरी अक्षरात सुविचार रंगवून घ्यायचा होता. सुविचारांशी माझं वैर नाही, पण आमच्या शाळेत जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सुविचार आहेत आणि ते वाचताना मी आजवर एकही मूल पाहिलेलं नाही. मी म्हटलं, भिंतीवर मुलांचं काहीतरी असू द्या. बाई म्हणाल्या, मग तुम्हीच करा. आमच्याकडे काही सुचवणं म्हणजे ते काम अंगावर घेणं असतं, हे इतक्या वर्षांनीही माझ्या लक्षात राहत नाही.

अशा रीतीनं सरोजजी आमच्या शाळेत आल्या. कुंभारांच्या घरातल्या, पुढे आर्ट कॉलेजात शिकलेल्या, आणि शहराबाहेर घराच्या मागे स्वतःची भट्टी असलेल्या. माझ्याच वयाच्या, आवाज खणखणीत. फेब्रुवारीत त्या टेम्पोतून मळलेली माती घेऊन आल्या आणि लायब्ररीच्या टेबलांवर ताडपत्री अंथरून आठ दिवस मुलांकडून टाइल्स करून घेतल्या. काम सोपं होतं. दोन पट्ट्यांच्या मधे माती ठेवायची, लाटण्यानं लाटायची, साच्यानं चौकोन कापायचा, आणि घरून आणलेली एक वस्तू त्याच्यावर दाबून उचलून घ्यायची. अट एकच. वस्तू रोजच्या वापरातली हवी. त्या म्हणत, “जो चीज़ घर में सबके हाथ में आती हो, वो लाना.”

माती लाटताना आत हवा राहिली तर टाइल भट्टीत फुटते, हे त्या दिवसातून दहा वेळा सांगत. मुलं माती अशी आपटत की खालच्या मजल्यावरून निरोप येई. लायब्ररीला आठ दिवस पहिल्या नांगरटीचा वास होता. मी नाक मुरडलं, कपाटांवर जुन्या चादरी घातल्या, आणि मनातून इतकी खूश होते की घरी गेल्यावरही नखांतली माती काढावीशी वाटत नसे.

माझ्याकडे नंबर घालायचं काम होतं. प्रत्येक टाइलच्या मागे नंबर, आणि माझ्या वहीत नंबरासमोर मुलाचं नाव आणि वर्ग. पुस्तक लायब्ररीत आलं की त्याला आपण दाखल क्रमांक देतो, तसंच. सरोजजींनी मला एक मोठा खिळा दिला आणि सांगितलं, “मैडमजी, पीछे कील से खोद देना, गहरा.”

आता इथे माझा स्वभाव सांगायला हवा. खोदण्याचं मला वावडं आहे. बाकावर नावं खोदणाऱ्या मुलांना मी जन्मभर शिक्षा केली आहे. पुस्तकाच्या पानावर नखानं खूण केलेली दिसली तरी माझं डोकं फिरतं. मुलांनी इतक्या हौशीनं केलेल्या वस्तूवर मी खिळ्यानं ओरखडे ओढावेत हे माझ्या हाताला पटेना. शिवाय माझं अक्षर चांगलं आहे. हे मी गर्वानंच सांगते, कारण दुसरं फारसं सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. टाइल्स जरा वाळल्या की मी प्रत्येक उलटी करून काळ्या पक्क्या शाईच्या पेननं, कोपऱ्यात, सुबक आकडे लिहिले. एक ते तीनशे बारा. खिळा टेबलाच्या खणात टाकला. शाईला पक्की म्हणतात आणि मी त्यावर विश्वास ठेवला. भट्टीत हजार अंशांवर पक्कं काय उरतं याचा विचार लायब्ररीतल्या बाईच्या डोक्यात कशाला येतो?

तनू सातवीत होती. मूळचं घराणं संस्थानच्या फौजेतलं, म्हणजे पणजोबांची तलवार आणि वडिलांची ड्रायव्हरची नोकरी. वडील विजय नगरातल्या एका ऑफिसची गाडी चालवत. ते ऑफिस दुसऱ्या शहरात गेलं, आणि त्यांनी ठरवलं की सांवेरजवळ भावाच्या शेतावर राहायचं, तिथेच ट्रॅक्टर चालवायचा. ऐन फेब्रुवारीत, परीक्षेला महिना उरलेला असताना. तनू रोज मधल्या सुट्टीत, पायातलं दाराबाहेर काढून, लायब्ररीत यायची आणि काढलेलं पुस्तक कधीच भलत्या जागी ठेवायची नाही, म्हणून ती माझी लाडकी होती. शिक्षकांनी आवडनिवड करू नये म्हणतात. मी शिक्षक नाही.

टाइल्स करायच्या आठही दिवस ती माझ्या शेजारी उभी राहून ट्रे धरायची. शेवटच्या दिवशी सरोजजींनी मलाही एक टाइल करायला लावली. मला घाई होती, खालून बोलावणं आलेलं होतं. मी माती कशीबशी लाटली, हातातल्या पेनचं टोपण तिच्यावर टेकवलं आणि वही उचलून पळाले. परत येईपर्यंत ती टाइल बाकीच्यांत गेली होती. मी तिला नंबरही दिला नाही. मुलांच्या यादीत मला कशाला नंबर?

त्याच दुपारी तनू दाखला घेऊन निघाली. वडील खाली मोटरसायकलवर थांबले होते. तिनं लायब्ररीतली दोन पुस्तकं परत केली, मी पाहत असताना ती स्वतःच जागेवर लावली, आणि मग टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिला रडायचं नव्हतं आणि मलाही.

“मॅडम, मी नसली तरी माझी टाइल लावाल ना?”

“लावणार. तुझ्या नावासकट लावणार.”

“नंबर लक्षात ठेवा. दोनशे सत्तेचाळीस.”

मी म्हटलं, वहीत लिहिलंय, चुकणार नाही. तिनं मान डोलावली आणि जिना उतरून गेली. माझी वही कधी चुकत नाही हे तिला माहीत होतं.

टाइल्स वाळत होत्या तेव्हा होळी झाली. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, गुलाल तोफेनं उडवतात आणि आमच्या गल्लीच्या छपरांवर तो दोन दिवस बसून राहतो. मी आदल्या दिवशी खिडक्यांना सुतळीनं चादरी बांधल्या तरीही आत पातळ गुलाबी थर आलाच. सरोजजी टाइल्स न्यायला आल्या तेव्हा हसून म्हणाल्या, भट्टीत सगळं जळून जाईल, काळजी नको. मी निश्चिंत झाले. गुलाल जळेल म्हणजे आणखी काय जळेल, हे त्या वाक्यातच होतं आणि मला ऐकू आलं नाही.

चार दिवसांनी टेम्पो परत आला. टाइल्स भाजून तांबूस झाल्या होत्या, वाजवल्या की कपासारख्या वाजत होत्या. काही भट्टीत फुटल्या होत्या, त्यांचा नुसता चुरा झाला होता. मी मनात म्हटलं, त्यांत माझी असणारच, जेमतेम लाटलेली, हवा भरलेली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मग मी पहिली टाइल उलटी केली. मागे काही नव्हतं. दुसरी उलटी केली. पाचवी, दहावी. सगळ्या पाठी कोऱ्या, स्वच्छ, एकसारख्या.

सरोजजींना क्षणभर कळेचना. मग त्यांनी विचारलं, खोदलं नव्हतं का? मी सांगितलं, लिहिलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं आता चिडतील. त्या इतकंच म्हणाल्या, “मैडमजी, कील तो दी थी मैंने.” मला तो खिळा खणात दिसत होता. मला लाज वाटली, शाळेत असताना वाटायची तशी, कानांपर्यंत.

माझी वही समोर उघडी होती. तीनशे बारा नावं, सुंदर अक्षरात, आणि त्यातलं एकही कशालाच लागू नव्हतं. पुस्तकाची नोंद करताना त्याचा विषय लिहायला मी कधी विसरत नाही, आणि इथे कोणी काय उमटवलं हे एका रकान्यात लिहून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. बाकीची मुलं शाळेत होती, ती आपापली शोधतील. प्रश्न होता तो दोनशे सत्तेचाळीसचा. तनूनं काय दाबलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं. ती ट्रे धरून माझ्या शेजारी उभी असताना मी आकडे वळणदार काढत होते.

मग लायब्ररीच्या जमिनीवर सगळ्या टाइल्स मांडल्या आणि परीक्षा चालू असताना, पेपर संपला की एकेक वर्ग आत सोडला. ते चार-पाच दिवस मला फार आवडतात, माझ्या चुकीतून आले असले तरी. मुलं बूट काढून, रांगांच्या मधून, खाली बघत चालायची. गणिताच्या पेपरात रडून आलेला एक मुलगा आपल्या आईच्या पोळपाटाची कड सापडल्यावर तिच्यापाशी मांडी घालून बसला तो उठेना. काही जणांनी डोळे मिटून बोटांनी शोधल्या. दोन बहिणी एकाच कडीवरून भांडल्या. ज्याला सापडेल त्याचं नाव मी नव्यानं लिहायची, आणि सरोजजी भट्टीत न जळणाऱ्या रंगानं मागे नंबर घालायच्या. पेन त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. मी मागितलंही नाही.

शेवटी सात टाइल्स उरल्या. ज्या थोड्या मुलांना आपली सापडली नाही त्यांना त्याचं फारसं दुःख नव्हतं. त्यांनी खांदे उडवले आणि क्रिकेट खेळायला गेली. मी त्या सात टाइल्स जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळल्या, कापडी पिशवीत घातल्या आणि रविवारी सकाळी सांवेरची बस पकडली.

प्रिन्सिपलबाई म्हणाल्या होत्या, एका टाइलसाठी एवढं? फोन करून विचारा ना. फोन मी केला होता. तनूचे वडील म्हणाले होते, मॅडम, लावून टाका कोणतीही, पोरगी काय येऊन बघणार आहे? ते चांगल्या मनानं म्हणाले, पण त्या वाक्यानं माझी झोप उडाली. ती येऊन बघणार नव्हती म्हणूनच तर मी तिला शब्द दिला होता.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं अचार की बरनी है क्या, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या माणसाला म्हणाला, “भिया, थोड़ा सरक लो, मैडम का सामान नाज़ुक है.” दोन्ही बाजूंना गहू कापणीला आलेला होता. कुठे मशीन चाललेलं, कुठे बायका विळ्यानं कापत होत्या. भुसा हवेत उडत होता आणि ऊन त्यातून येताना पिवळं दिसत होतं. माझ्या डोळ्यांत कुसळं जात होती आणि मी पिशवी सोडून डोळे पुसू शकत नव्हते.

शेतावरच्या घरी तनूच्या आईनं मला पाणी दिलं, लिंबाच्या सरबताचा तांब्या भरला. तनू आली ती फ्रॉकवर भुसा घेऊन. महिनाभरात काळवंडली होती. मी ओसरीवर साडीचे तुकडे उलगडले आणि सातही टाइल्स ओळीनं मांडल्या. काय झालं ते सांगितलं. माझी चूक झाली, हेही सांगितलं. मोठ्या माणसानं मुलाला असं सांगायची सवय आपल्याकडे नसते, त्यामुळे तिची आई अवघडून आत निघून गेली.

तनू गुडघ्यांवर बसली. तिनं एकेक टाइल हातात घेतली, खाली ठेवली. पुन्हा पहिलीपासून घेतली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझा पदर घामानं ओला होता, केसांत भुसा होता, आणि चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. तिनं अर्ध्या बांगडीची टाइल उचलली.

“ही,” ती म्हणाली.

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच ओसरीवर टेकले आणि सरबताचे दोन पेले प्यायले. परतीच्या बसमध्ये मी ती एक टाइल वेगळी, पर्समध्ये ठेवली होती. आईची बांगडी दाबली असेल पोरीनं, असं मनात आलं. सरोजजींनी टाइल्सना रंग देऊन त्या पुन्हा भाजल्या आणि एप्रिलमध्ये भिंत पूर्ण झाली. शेजारी काचेच्या चौकटीत नावांची यादी लावली, माझ्याच अक्षरात. खालून चौथी ओळ, सहावी टाइल, तनू. त्या वर्षापासून मार्च आला की मी भिंत पुसते आणि तिथे थांबते.

परवाही थांबले होते. नववीचा पेपर चालू होता, सगळी शाळा चिडीचूप होती. मी स्टुलावर बसून खालच्या ओळी पुसत होते तेव्हा दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. उंच, खांद्याला बॅग, गळ्यात कुठल्यातरी कंपनीचं ओळखपत्र. चपला तिनं दाराबाहेर काढल्या होत्या. आजकाल कोणी काढत नाही. मी ओळखलं ते त्यावरून.

तनूला विजय नगरमध्ये नोकरी लागली होती. कंपनीला शाळेचा जुना दाखला हवा होता, तो घ्यायला ती ऑफिसात आली होती आणि वर डोकावली होती. मी तिला बसवलं, पाणी दिलं, आई-वडील कसे आहेत विचारलं. वडिलांचा आता स्वतःचा ट्रॅक्टर होता. मग मी मोठ्या अभिमानानं तिला भिंतीपाशी नेलं आणि म्हटलं, बघ, लावली की नाही? तुझी.

ती हसली नाही. तिनं बांगडीच्या टाइलवर हात ठेवला. मग ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली, वाकली, एकेक ओळ बघत वर आली, आणि हिरव्या भागात एका टाइलपाशी थांबली. तिच्यावर कंगव्याचे दात उमटलेले होते, आडवे आणि मग उभे, बारीक विणल्यासारखे.

“मॅडम, माझी ही आहे,” ती म्हणाली. “कंघी. आईची होती. दोन वेळा दाबली होती मी, आडवी-उभी.”

मी चौकटीतली यादी पाहिली. त्या टाइलपुढे आठवीतल्या एका मुलीचं नाव होतं. त्या मुलीनंही कंगवाच दाबला असणार आणि तिची भट्टीत फुटली असणार. तिनं ही आपली समजून घेतली. खोटं कोणीच बोललं नव्हतं. मी तनूला विचारलं, मग त्या दिवशी तू ती का उचललीस?

“माझी त्या सातांत नव्हतीच. मला एकदम मालूम पडलं. पण तुम्ही इतक्या धूपमध्ये बसनं आल्या होत्या.” तिनं बांगडीच्या टाइलकडे बोट केलं. “आणि ती तुमची होती, मॅडम.”

“माझी?”

“तुम्ही पेन टेकवलं ना, त्याचं काही उमटलंच नाही. वही उचलताना तुमची बांगडी दबली. हिरव्या बांगड्या होत्या त्या दिवशी. तुम्ही पाहिलं पण नाही, निघून गेल्या. मी ट्रे धरून उभी होती, मी पाहिलं. मला वाटलं, माझी नाही तर नाही, तुमची तर लागायलाच पाहिजे. तुमची म्हटली असती तर तुम्ही लावलीच नसती.”

बारा वर्षांच्या मुलीनं, भुसा अंगावर असताना, एवढा विचार केला होता. आणि मी नऊ वर्षं दर मार्चमध्ये माझ्याच बांगडीच्या खुणेत बोट घालून तिच्या आईला आठवत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि पेपर चालू असल्यामुळे दोन्ही मोठ्यानं करता येत नव्हतं. मी फडक्यानंच डोळे पुसले. तनू म्हणाली, मॅडम, त्यानं भिंत पुसली तुम्ही. मी म्हटलं, असू दे.

मग मी म्हटलं, यादी बदलते, आत्ताच. ती नको म्हणाली. त्या आठवीतल्या मुलीचं नाव का काढायचं, तिला काय माहीत? तेही खरं होतं. पण मी तिला शब्द दिला होता, नावासकट लावणार म्हणून, आणि तो नऊ वर्षं चुकीच्या ओळीत लिहिलेला होता.

मी टेबलाकडे गेले आणि खण उघडला. तारखेचा शिक्का, गोंदाची बाटली, तुटक्या पट्ट्या, आणि अगदी मागे, गंजलेला, सरोजजींचा खिळा. तो मी तनूच्या हातात दिला. कंगव्याच्या टाइलखाली दोन टाइल्सच्या मधे बोटभर सिमेंटची पट्टी आहे, ती तिला दाखवली.

“खोद,” मी म्हटलं. “नंबर घाल. गहरा.”

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. बाकावर रेघ मारली म्हणून मी तिच्या वर्गाला अर्धा तास उभं केलेलं तिला आठवत असणार. मग ती खाली बसली आणि खिळा सिमेंटला लावला. शांत शाळेत तो आवाज चांगलाच मोठा होता. दोन, चार, सात. मी दारात जाऊन उभी राहिले, जिन्यावरून कोणी येत तर नाही ना, हे बघत.